इलॅस्टिकचं धोतर

नाही, पण मला एक सांगा, मी धोतर का म्हणून नेसायचं? शहात्तर वर्षांत कधी नेसलो नाही, स्वतःच्या लग्नात नेसलो नाही, मुलाच्या लग्नात व्याह्यांनी एवढं मानाचं आणलं तेही कपाटात घडी न मोडता पडलंय, आणि आता ही माझी नात, गार्गी, वय वर्षं एकोणीस, जरीपटक्याच्या बाजारातून एक पिशवी घेऊन येते, माझ्या वर्तमानपत्रावर टाकते आणि म्हणते, "आबा, ट्राय करा ना!" धोतर! आणि तेही कसलं... इलॅस्टिकचं! हसू नका, खरंच सांगतो. पायजम्यासारखे पाय घालायचे आणि वर ओढायचं. निऱ्या आधीच शिवलेल्या, सोगा शिवलेला, उजव्या बाजूला मोबाइलसाठी खिसासुद्धा! "आबा, दोन सेकंदांत शेतकरी!" म्हणाली. दोन सेकंदांत! मला प्राध्यापक व्हायला बावीस वर्षं लागली हो!

आता तुम्ही म्हणाल, नातीनं एवढ्या हौसेनं आणलं, चढवा की. काय बिघडतं? तेच तर... माझंच काही चुकत असेल. मला आयुष्यभर असंच वाटत आलंय. वर्गात शिकवताना एखादा मुलगा जांभई द्यायचा तर मला वाटायचं, माझंच काही चुकत असेल, आणि मी तो अख्खा मुद्दा पुन्हा पहिल्यापासून शिकवायचो, की मग सगळा वर्ग जांभया द्यायचा. तत्त्वज्ञान शिकवायचो मी. पीएच.डी. आहे. प्रबंध चारशे बारा पानांचा, विषय : 'मी' या संकल्पनेचं स्वरूप. म्हणजे मी म्हणजे नेमका कोण, शरीर की मन की आठवणी की आणखी काही, यावर सात वर्षं घासली आणि शेवटच्या पानावर काय लिहिलंय? 'या प्रश्नाचं अंतिम उत्तर देणं अवघड आहे.' चार जणांनी वाचला तो प्रबंध. मार्गदर्शक, दोन परीक्षक आणि टायपिंग करणारा. टायपिंगवाला मला म्हणालाही होता, "सर, उत्तर आलं असतं तं बरं झालं असतं."

आणि गार्गीला उत्तर आलंय! तिच्या त्या इन्स्टावर, फोटोच्या खाली, चार शब्दांत लिहिलंय. काय लिहिलंय? 'भिवापूरची तिखट पोट्टी. ओरिजिनल.'

आता तुम्हाला सांगतो, ही पोरगी जन्मली नागपुरात, वाढली प्रतापनगरात तिसऱ्या मजल्यावर, शाळा इंग्रजी, आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि पोह्यातली मिरची बशीच्या कडेला ओळीनं मांडून ठेवते! भिवापूर तिनं पाहिलेलं नाही. उमरेडच्या पुढे ती कधी गेलेली नाही! आणि मोबाइलसमोर बसली की डोक्यावर पदर, हातात खलबत्ता, आणि... थांबा, करून दाखवतो... "काय गा भाऊ, काय वं माय, मले वळखलं का? आज मी तुमाले माह्या आज्याचा ठेचा शिकवून राहिली!" माह्या आज्याचा! तिचा आजा म्हणजे मी! मला ॲसिडिटी आहे हो! मी दोन्ही वेळा फिकं वरण आणि दुधीभोपळा खातो!

हे सुरू कसं झालं तेही ऐका. आधी ती नाच करायची, मग मेकअप करायची, मग इंग्रजीतून 'माझी सकाळ' दाखवायची. चाळीस जण बघायचे. त्यात अकरा वेळा मीच, कारण मला वाटायचं पोरीला वाईट वाटायला नको. मग एक दिवस तिनं आमच्या सुभद्राबाईंची नक्कल केली. सुभद्राबाई आमच्याकडे स्वयंपाकाला येतात, कुहीकडच्या आहेत, त्या भाजीवाल्याशी भांडत होत्या, गार्गीनं ते तसंच्या तसं करून टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत तीस हजार लोकांनी पाहिलं! तीस हजार! त्या दिवशी आमच्या घरातली गार्गी गेली आणि ही तिखट पोट्टी आली. आता सुभद्राबाई कणीक मळता मळता तिला शिकवतात. "असं नाई म्हणत वं आमी बेटा, हे तं टीव्हीवरचं झालं. अन् पदर असा खोचला तं कामं कोन करन?" गार्गी वहीत लिहून घेते. इंजिनिअरिंगच्या वहीत! मी पाहिलंय, एका पानावर थर्मोडायनॅमिक्स आणि मागच्या पानावर 'काहून म्हणजे का, भुवई वर करून म्हणायचं.'

आता चौसष्ट हजार लोक आहेत तिच्या मागे. मी म्हटलं, छान आहे, हौस आहे, होईल कमी. तर एका रविवारी ही जेवायला येईना. खोलीत अंधार करून पडलेली. मी गेलो, म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "आबा, आज एकशेऐंशी जणांनी मला सोडलं." मी घाबरलो. म्हटलं, कोण गं हे? "माहीत नाही." "ओळखीचे नाहीत?" "नाहीत." "मग बाळा, ज्यांना तू ओळखत नाहीस त्यांच्यासाठी..." तर उठून बसली आणि म्हणाली, "म्हणूनच ना आबा! ओळखीचे असते तर विचारलं असतं, माझं काय चुकलं?"

तुम्ही सांगा! हे तर माझंच वाक्य! शहात्तर वर्षं मी सांभाळून ठेवलेलं वाक्य ह्या पोरीच्या तोंडात एकोणिसाव्या वर्षी! रक्तातूनच गेलं की काय तिला... म्हणजे बघा, यातही माझंच काही चुकत असेल.

बरं, हे इथवर असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण मग आला विक्की. विक्की म्हणजे एका मसालेवाल्यांचा माणूस, पंचवीस-सव्वीसचा, दाढी कोरलेली, बूट पांढरे. सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "आबाजी, गार्गी मॅडमचा फेस आमाले पायजे. सालभराचं कॉन्ट्रॅक्ट. गावोगावी शूट, मिरचीचं ब्रँडिंग. टॅलेंट हाय आबाजी, एकदम देसी!" सालभर गावोगावी म्हणजे कॉलेज? तर गार्गी अगदी शांतपणे म्हणाली, "सोडणार." चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख सोमवार, सायंकाळी पाच. कॉन्ट्रॅक्टवर सही तीही सोमवारी. मध्ये शनिवारी एक शूटिंग, भिवापूरला, मिरच्या वाळत घालतात त्या सातऱ्यावर, तिखट पोट्टी आणि तिचा शेतकरी आजा. आजा पाहिजेच. आजा नाही तर कॉन्ट्रॅक्ट नाही.

तर आमचे चिरंजीव पुष्कर... तो बुटीबोरीला कारखान्यात आहे, दिवसभर यंत्रांशी बोलतो, माणसांशी बोलायची सवय राहिलेली नाही... तो मला बाल्कनीत घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "बाबा, मी बोललो की ती दार आपटते. तुम्ही फिलॉसॉफीचे. तुम्ही पटवा." घ्या! ज्याला चारशे बारा पानांत स्वतःलाच पटवता आलं नाही, त्यानं नातीला पटवायचं!

तरी मी मुद्दे काढले. पाच मुद्दे, कार्डावर, क्रमांक घालून. तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "गार्गी, पहिला मुद्दा. हे जे तू दाखवतेस, ते तू नाहीस."

"अजून नाही आबा. होतेय."

"पण जे आपण नाही ते..."

"आबा, तुम्ही जन्मल्या जन्मल्या प्रोफेसर होतात का? झालात ना? मग मीही होईन."

"पण भिवापूरच का?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा. उगाच चढला. ती म्हणाली, "तुमच्या पासपोर्टवर आहे ना, जन्मगाव भिवापूर! मला वाटलं, किती कूल! आबा, तुम्ही कधी काही सांगतच नाही हो तिथलं."

पुढचे चारही मुद्दे मी खिशात ठेवले. कारण तुम्हाला सांगतो, आणि हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं... मी सांगत नव्हतो यालाही कारण होतं. आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं की बाबांचे वडील भिवापूरला शिक्षक होते. मी सांगितलं होतं तसं. पन्नास वर्षं सांगत होतो. वडील शिक्षक नव्हते. वडील मी चार वर्षांचा असताना गेले. आणि माझी माय, प्रयागबाई, माझ्या लग्नाआधीच गेली ती, त्या सातऱ्यावर मिरच्या खुडायची. वाळलेल्या मिरचीचे देठ मोडायचे, पोत्यावर बसून, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. मी तिच्या बाजूला पाटी घेऊन बसायचो. खोकत खोकत बाराखडी शिकलो मी.

मग अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि नागपूरला वसतिगृहात आलो. पहिल्या दिवशी मास्तरांना म्हणालो, "मले पाणी पायजे." अख्खा वर्ग हसला! मास्तरसुद्धा! त्या दिवसापासून मी वसतिगृहाच्या आरशासमोर उभा राहून रोज घोकायचो : मला, तुला, त्याला. मला, तुला, त्याला. रेडिओवर बातम्या सांगणारे जसे बोलतात तसं. दोन वर्षं! आणि आता साठ-पासष्ट वर्षांनी मी माझ्या घरात, बाथरूमच्या अर्धवट उघड्या दारातून, काय पाहतो? माझी नात आरशासमोर उभी आणि घोकतेय : मले, तुले, त्याले! मले, तुले, त्याले! ओठांचा आकारही तोच, डोळ्यांतली भीतीही तीच... मी आलो त्या दाराने ती उलटी चालली होती. तिला थांबवू कोणत्या तोंडानं? सांगा ना, कोणत्या तोंडानं? माझंच काही चुकत असेल म्हणून मी गुमान ते इलॅस्टिकचं धोतर चढवलं.

तुम्हाला वाटेल, मी तिला पटवायला गेलो होतो. मलाही तसंच वाटत होतं. पुष्करला मी तसंच सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी भिवापूर. फेब्रुवारीचं ऊन, आणि तो सातरा... गाडीतून उतरलो आणि पहिला श्वास घेतला तो नाकातून थेट आठव्या वर्षात गेला. लाल ढीग, इथून तिथपर्यंत. बायका रांगेनं पोत्यांवर, नाकाला फडकी बांधलेल्या, बोटं चाललेली, खोकला चाललेला. काहीच बदललं नव्हतं. फक्त मध्ये दोन कॅमेरे, एक छत्री आणि विक्की. "आबाजी, काई करायचं नाई, फक्त ओरिजिनल दिसायचं! हातात मिरची घ्या. अशी नाई, अशी! थोडे भोळे दिसा, आबाजी! तुम्ही लय विचार करून राहिले!" अरे, विचार करण्याचाच पगार घेतलाय आयुष्यभर, आता तो थांबवू कसा?

काट्याजवळ एक म्हातारा बसला होता, मिरच्यांची पोती मोजून घेत. माझ्याकडे टक लावून बघत होता. मी मान वळवली. तुम्हाला सांगतो, मी लगेच ओळखलं. नत्थू. एका पाटीवर अक्षरं गिरवलेली आम्ही. मी ओळखलं आणि मान वळवली... शहात्तराव्या वर्षी! धोतर इलॅस्टिकचं नेसून!

तर गार्गी बसली बायकांच्या रांगेत. नऊवारी, नखांना लाल रंग, आणि कॅमेरा सुरू झाल्याबरोबर, "काय गा भाऊ, काय वं माय..." बायका फडक्याआडून फिदीफिदी. एक म्हणाली, "अवं बाई, देठ मोडून राहिली का मान मुरगाळून राहिली मिरचीची?" दुसरी म्हणाली, "बोटाले तेल तं लाव वं आधी!" पण गार्गीला वाटलं हे चाललंय ते छान चाललंय, तिनं दहा-बारा मिरच्या खसाखसा मोडल्या, घाम आला, केस डोळ्यावर आले... आणि केस मागे घेता घेता तिनं त्याच बोटांनी डोळा पुसला.

सातऱ्यावरचं दोन वर्षांचं लेकरू करत नाही ही चूक! तिथे पोरांना चालायच्या आधी शिकवतात, हात चेहऱ्याला लावायचा नाही. माझ्या तोंडावर माशी बसली तरी माय कोपरानं हाकलायची. आणि ही भिवापूरची तिखट पोट्टी, ओरिजिनल, एकदम किंचाळली... कशी? "ओ माय गॉड! आबाऽऽ! माय आइज! वॉटर, प्लीज, कोणीतरी वॉटर द्या!" आणि बाटली घेऊन तोंडावर ओतणार तेवढ्यात मी ओरडलो. कोण ओरडलं मला कळलंच नाही. आवाज माझा होता, पण मी साठ वर्षांत तो ऐकला नव्हता.

"अवं पाणी नोको मारू! हात खाली! खाली हात! डोया नोको चोयू पोरी, आंधी होशीन! काय वं, पाहून काय राहिल्या तुम्ही, तेल आना ना कोनी! त्या पोट्ट्याले म्हना छत्री इकडं धर!"

आणि धावलो. गुडघे दुखतात हो माझे, पण धावलो. मायचा उपाय एकच असायचा. पदराचा बोळा करायचा, त्यावर तोंडानं गरम फुंकर घालायची आणि तो बंद डोळ्यावर दाबायचा, पुन्हा फुंकर, पुन्हा दाबायचा. मी खाली बसलो आणि धोतराचा सोगा ओढला... येईना! ओढतोय, येईना! येणार कसा? शिवलेला! शिवलेला होता हो तो! इलॅस्टिक ताणलं गेलं आणि फटकन परत आलं! इकडे पोर तडफडतेय आणि मी माझ्याच धोतराशी झटतोय! शेवटी शेजारच्या म्हातारीनं स्वतःचा पदर पुढे केला, "घे बापू, याचा कर." त्याचा बोळा केला, आणि फुंकर घालत बसलो. "उगी, उगी माह्या लेकी, आता थंड होते, आता होते थंड..." हे शब्दसुद्धा माझे नव्हते. मायचेच होते.

आणि माझ्या डोक्यावरून आवाज आला. "मधू? पयागबाईचा मधू नं गा तू?"

नत्थू! काठी टेकत काट्यावरून उठून आला होता. "मी मघापासून पाहून राहिलो, मनलं हा मान काहून वळवते? फुंकर मारली तवा वळखलं तुले. असी फुंकर पयागबाईच मारे. काय गा मधू, एवढा सायेब झाला अन् असं नाटकातलं धोतर काहून नेसलं?"

गार्गीनं एक डोळा उघडला. लालभडक. त्या एका डोळ्यानं ती माझ्याकडे बघत राहिली. आणि विक्की काय म्हणाला असेल? "कट! एक्सलंट! आबाजी, येकदम फाडू! रिटेकची गरज नाई!"

परतताना उमरेडपर्यंत ती ओल्या रुमालानं डोळा दाबत होती. मग म्हणाली, "आबा, का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी विचारलं नाही." हेही खोटंच. मग मी सांगितलं. सगळं. पदवीदान समारंभाचंही सांगितलं. पीएच.डी. मिळाली तेव्हा मायला नागपूरला आणलं होतं, नंतर विभागप्रमुखांकडे चहा होता. जाताना रिक्षात मी मायला म्हणालो, "आई..." माय म्हणायचोसुद्धा सोडलं होतं मी... "आई, तिथे तू जास्त बोलू नको." ती बोलली नाही. दीड तास. कोणी विचारलं, प्रवास कसा झाला, की पदर तोंडाला लावून हसायची. बस स्टँडवर सोडायला गेलो तर खिडकीतून मला म्हणाली, "मधू, मी काई बोलली नाई नं? बराबर केलं नं म्या?"

गाडीत मिरचीचा वास भरलेला होता, त्यामुळे दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं ते कशाचं, हा प्रश्न निघाला नाही, बरं झालं.

घरी आलो. म्हटलं आता बायकोलाही सांगून टाकावं. माझी बायको उत्तरा, नागपुरातल्या महाल भागातली, त्यांच्याकडे पाच पिढ्या कारकुनी, बोलणं अगदी मोजून-मापून. मी तिच्यासमोर बसलो, घसा खाकरला, म्हटलं, "उत्तरा, माझे वडील शिक्षक नव्हते." ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे." मी उडालो! "कधीपासून?" "लग्न झाल्यापासून. झोपेत बोलता तुम्ही. 'माय, मले भूक लागली' म्हणता. 'डोये जळून राहिले' म्हणता." "मग पंचेचाळीस वर्षं बोलली का नाहीस?" तर शेंग तोंडात टाकून म्हणते, "तुम्ही एवढ्या मेहनतीनं करत होता, म्हटलं करू द्यावं." घ्या! आणि मी समजत होतो, मी उत्तम वठवतोय!

पण खरी मजा पुढेच आहे. मजा कसली म्हणा... रविवारी विक्कीनं ते सगळं टाकलं, मिरची, किंकाळी, फुंकर, नत्थू, सगळं. दुपारपर्यंत आठ लाख लोकांनी पाहिलं. आणि मी, तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा चष्मा लावून लोक काय म्हणतात ते वाचायला बसलो. साठ वर्षांत फक्त त्या तीन मिनिटांत मी खरा होतो. पूर्ण खरा! आणि लोक काय म्हणत होते?

'म्हाताऱ्याची ओव्हरॲक्टिंग बघा!' 'कोणत्या नाटक कंपनीतून आणला?' 'आमचे आजोबा असे बोलत नाहीत, उगाच ओढून-ताणून.' एकानं तर व्हिडिओ थांबवून, बाण काढून दाखवलं होतं, 'धोतराला इलॅस्टिक! शेतकरी म्हणे!' त्याला बावीस हजार लोकांनी पसंती दिली. आणि हे वाचा, हे सगळ्यात छान, 'पोट्टी एकदम नॅचरल आहे. म्हाताऱ्याला काढा.' मग विक्कीचा फोन, "आबाजी, मनाले नका लावून घेऊ, पण पब्लिकले तुम्ही जरा फेक वाटून राहिले. पुढच्या शूटले आमी दुसरा आजा पाहून राहिलो." दुसरा आजा! माझ्या नातीला दुसरा आजा! माझंच काही चुकत असेल हो, पण फुंकर तर बरोबर मारली होती ना मी?

गार्गी संतापली. माझ्यासाठी! तिनं मोबाइलसमोर बसून, पदर नाही, खलबत्ता नाही, साध्या टी-शर्टमध्ये, सुजलेल्या डोळ्यानं सांगितलं, "माझे आबा खरे आहेत. मी खोटी आहे. मी प्रतापनगरला राहते आणि मी मिरची खात नाही." संपलं. एवढंच. आणि थोड्या वेळानं रडत माझ्याकडे आली.

"काय झालं? शिव्या दिल्या?"

"नाही आबा. आवडलं त्यांना. म्हणतात, काय डायलॉग मारलास! काय ॲक्टिंग!"

"मग रडतेस कशाला?"

"आवडलं म्हणूनच ना! आबा, मी खरं बोलले तरी त्यांना ते... मग आता मी कशी सांगू, मी कोण आहे ते?"

चारशे बारा पानं, लक्षात आहे ना? एकही ओळ उपयोगाची नव्हती.

सोमवार. दुपारचे चार. टेबलावर डाव्या बाजूला कॉन्ट्रॅक्ट, उजव्या बाजूला लॅपटॉपवर परीक्षेचा फॉर्म, मध्ये गार्गी. पुष्कर सुट्टी टाकून घरी, दारामागे उभा, माझ्याकडे बघून भुवया उडवतोय, बोला, बोला. माझी कार्डं सापडत नव्हती. गार्गी कॉन्ट्रॅक्ट वाचत होती. म्हणाली, "आबा, यात लिहिलंय, वर्षभर सगळीकडे मी भिवापूरची तिखट पोट्टी म्हणूनच वागायचं. बाहेर, कार्यक्रमात, सगळीकडे. दुसरं काही बोलायचं नाही." आणि पेन उघडलं.

मी काही पटवायला म्हणालो नाही, शपथेवर सांगतो. मी आपलं स्वतःशीच पुटपुटलो. म्हटलं, "वर्षाचं काय... मला वाटलं होतं, दोन वर्षं करीन. पुढे उतरवताच आलं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पेनचं टोपण लावलं. चार वाजून पन्नास मिनिटांनी फॉर्म भरला. पुष्कर दारामागून बाहेर आला आणि माझे हात धरून म्हणाला, "बाबा, तुमची फिलॉसॉफी शेवटी कामी आली!" फिलॉसॉफी! मी मान हलवली.

चौसष्ट हजारांतले एकोणीस हजार लोक सोडून गेले. ती जेवली त्या दिवशी. कमी जेवली, पण जेवली. अजूनही दर अर्ध्या तासानं मोबाइल सुलटा करून बघते आणि पुन्हा पालथा ठेवते. मी पाहिलं की कूस बदलते. पोरगी वाचली की नुसती थांबली, मला माहीत नाही. मी तिला अडवलं की माझी भीती तिच्या अंगावर टाकली, तेही माहीत नाही.

आणि फुकट कुठे भरला फॉर्म? अट घातली! म्हणाली, "आबा, मी भिवापूर सोडणार नाही. महिन्यातून एकदा तुम्ही मला तिथे न्यायचं. पयागबाईंचं सगळं सांगायचं. नत्थूआजोबांना पण बसवायचं. मी शूट करीन, माझ्याच नावानं. कुणी बघो, न बघो." पयागबाईंचं! तिच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि मी हो म्हणून बसलो. "आणि आबा, या वेळी खरं धोतर. कुणी बाण काढून दाखवायला नको."

म्हणून हा असा उभा आहे तुमच्यासमोर. व्याह्यांचं मानाचं धोतर कपाटातून काढलंय, घडी मोडलीय, आणि... नेसता येत नाही हो मला! माझे वडील नेसायचे, मी लहान होतो. नत्थू नेसतो, मी मान वळवली. आता खरं दिसण्यासाठी शिकतोय. गार्गीनं व्हिडिओ लावून दिलाय. शिकवणारा बावीस वर्षांचा, जीन्सवरून नेसून दाखवतो. म्हणतो, "हॅलो गाईज, सोगा डाव्या हातात घट्ट पकडा, पोट आत घ्या." घेतलं बाप्पा पोट आत. पकडला सोगा. तिकडून उत्तरा शेंगा खात बघतेय, हसत नाही, म्हणजे मनात हसतेय. आता निऱ्या... एक, दोन, तीन... खोचल्या... आणि...

सुटलं.

माहंच काई चुकत असन.